नोव्हेंबरातली सोळा मिनिटं

मियागावात येऊन एलेउतेरियो नुफाब्ले कुठे राहतात असं विचारलंत तर लोक तोंडाकडे बघत राहतील. सेगुंदो म्हणालात तर कुणीही हात धरून अंगणात बांबू रोवलेल्या घरापाशी आणून सोडेल. जहाजावरच्या दुसऱ्या अधिकाऱ्याला इथे सेगुंदो म्हणतात. तीस वर्षं बोटीवर काढून हे सेगुंदोचे सेगुंदोच राहिले. बरोबरचे कप्तान झाले, इलोइलो शहरात दुमजली घरं बांधून बसले. हे वरच्या परीक्षेला एकदाही बसले नाहीत. कुणी म्हणे आळशी, कुणी म्हणे बायकोवेडा.

माझे यजमान इथल्या नाविक शाळेत इंजिनाचा विषय शिकवायला लागले तेव्हा आम्ही आपला देश सोडून इथे, त्यांच्या शेजारी, राहायला आलो. सेगुंदो त्याच शाळेत मुलांना सूर्य शिकवत. खरंच, त्यांचा विषय एवढाच होता. ज्या ठिकाणी तुम्ही उभे आहात तिथला खरा मध्यान्ह कधी होतो, ते काढायचं.

बारा वाजले म्हणजे मध्यान्ह, असं आपण धरून चालतो. सेगुंदोंसमोर तसं बोलायची सोय नाही. "बारा चर्चच्या घंटेचे वाजले. सूर्याला विचारलंत का?" असं ते म्हणतात. सूर्य पुरा चढून तुमच्या बरोबर उत्तर-दक्षिण रेषेवर आला की तुमचा मध्यान्ह. पूर्वेकडच्याचा आधी, पश्चिमेकडच्याचा नंतर, रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. त्यात आणखी एक खोच आहे. घड्याळ वर्षभर एका चालीने चालतं, सूर्य तसा चालत नाही. फेब्रुवारीत तो घड्याळाच्या चौदा मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरात सोळा मिनिटं पुढे. भर समुद्रात तो क्षण आधी काढून ठेवावा लागे आणि कोन मोजायचा सेक्स्टंट घेऊन वेळेवर उभं राहावं लागे. सूर्य चढत चढत जातो, मिनिटभर थबकल्यासारखा होतो आणि उतरायला लागतो. त्या थबकण्यात तो क्षितिजापासून किती वर आहे हे मोजलं, तर जहाज उत्तर-दक्षिणेत कुठे आहे ते कळतं. चुकलात तर थांबा उद्यापर्यंत.

नोव्हेंबरात मियागावचा मध्यान्ह अकरा पस्तीसला होतो. सेगुंदो त्या वेळी अंगणात उभे राहून बांबूच्या आखूड सावलीच्या टोकाशी खडा ठेवतात. मग पंचवीस मिनिटांनी चर्चची घंटा होते. "आले, फादर आले उशिरा," असं म्हणून ते छातीवर क्रूसाची खूण करतात.

शाळेत त्यांचा एक नियम होता. या सोळा मिनिटांपुढे अधिक-उण्याचं चिन्ह टाकायच्या आधी मुलाने शब्दांत लिहायचं, 'लवकर' किंवा 'उशिरा'. न लिहिणाऱ्याला शून्य. एकदा एका मुलाचा बाप भांडायला आला.

"सर, माझ्या पोराचं उत्तर बरोबर आहे."

"बरोबर आहे."

"मग शून्य का?"

"नशिबाने बरोबर आलंय. नशिबाचे गुण मी देत नाही."

मुलं त्यांना मागून लवकर-उशिरा सर म्हणायची. मीही हसले आहे. त्यामागे काय होतं ते मला कळलं मृतांच्या सणाला, दोन वर्षांपूर्वी.

त्याआधी सालूदचं सांगते. सालूद म्हणजे त्यांची बायको. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीला, १९७९च्या फेब्रुवारीत, तिने नवऱ्याची बॅग भरता भरता मध्येच हात थांबवले. "पत्र यायला सहा आठवडे. तोवर तू आहेस की नाहीस, मी कुणाला विचारू?" नवरा बोलण्यात कच्चा. त्याने कागद घेतला, जहाजाच्या ठरलेल्या वाटेवरचे रेखांश मांडले आणि प्रत्येक तारखेपुढे इथल्या घड्याळाची एक वेळ लिहिली. म्हणाला, "या मिनिटाला मी डेकवर उभा असतो. वादळ असो, ताप असो, उभा असतो. तेवढं एक मिनिट मी कुठे आहे ते तुला नक्की ठाऊक असेल."

ती यादी सालूदने देवाच्या फळीवर सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, पायाशी ठेवली. रोज त्या वेळी घरामागच्या किनाऱ्यावर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून ती मारियेची एक प्रार्थना म्हणायची. वेळ कधी दुपारी दोनची, कधी साडेतीनची. शेजारणी हसायच्या. "सालूदचा नवरा सूर्याबरोबर पळालाय," म्हणायच्या. ती जायचीच.

ऑक्टोबरात दुसऱ्या सफरीला निघताना सेगुंदोंनी दुसरी यादी केली. नाविक पंचांग जहाजावर, घरी फक्त वहीत उतरवलेले मिनिटांचे आकडे, मागेपुढेची खूण नसलेले. फेब्रुवारीत मिळवले होते, हाताने याही वेळी मिळवले. नोव्हेंबरात वजा करायचे असतात. सोळा वजा करायच्या ऐवजी सोळा मिळवले, म्हणजे बत्तीस मिनिटांचा घोळ झाला.

सालूदची आई तेव्हा याच घरात अंथरुणाला खिळलेली होती. एक बाजू गेलेली. सालूद आणि तिची थोरली बहीण कोन्सिंग पाळीपाळीने बसायच्या. सकाळ कोन्सिंगची, दुपार सालूदची. तीन नोव्हेंबरला, शनिवारी, यादीत वेळ होती तीन वाजून सोळा मिनिटं. म्हातारीचा डोळा लागला होता. सालूद मच्छरदाणी नीट खोचून किनाऱ्यावर गेली, प्रार्थना म्हणून आली. दहा मिनिटं लागली असतील. आली तेव्हा म्हातारीचा चालता हात मच्छरदाणीबाहेर होता आणि पाण्याचा पेला जमिनीवर लवंडलेला.

छत्तीस वर्षं त्या दहा मिनिटांवर दोन बहिणींचं बोलणं चाललं. दर एक नोव्हेंबरला आम्ही सगळे दफनभूमीत जातो. म्हातारीच्या थडग्याला चुना लावायचा, मेणबत्त्या लावायच्या, ताडाच्या पानातला चिकट भात, इबोस, तिथेच बसून खायचा. आमचं कुणी तिथे नाही, पण मी दरवर्षी जाते. आपल्या देवाला ते चालतं असं मला वाटतं. तर दरवर्षी पहिली मेणबत्ती लागली की मनांग कोन्सिंग सुरू व्हायच्या. मनांग म्हणजे ताई.

"ज्याची पाळी त्याने बसायचं असतं. सूर्य काही पळून जात नाही."

"मनांग, मी काही नाचायला गेले नव्हते."

"पाणी मागून गेली आई."

"ठाऊक आहे मला. पेला मी उचलला." मग सालूद तिचं एक वाक्य म्हणायची. शब्द कधी बदलला नाही. "त्या मिनिटाला त्याच्या डोक्यावर सूर्य होता. मी आईपाशी नव्हते, पण मी त्याच्यापाशी होते."

यावर कोन्सिंग नाक उडवायच्या आणि इबोस सोलायला घ्यायच्या. सेगुंदो चुन्याची बादली घेऊन थडग्याच्या पलीकडच्या बाजूला गेलेले असायचे. मला वाटायचं, दोन बहिणींच्या मध्ये पडत नाहीत, शहाणा माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी कोन्सिंग चौऱ्याऐंशीच्या होत्या. भाच्याने चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं आणि तो गाडी लावायला गेला. मेणबत्ती लागली. आम्ही वाट बघतोय, आता सुरू होतील. त्या गप्प.

सालूदच म्हणाली, "काय मनांग, घसा बसलाय?"

"यंदा बोलणार नाही."

"का? पुढच्या वर्षी दुप्पट बोलणार?"

"पुढच्या वर्षी मी या दगडाच्या वर असेन की खाली, देव जाणे." कोन्सिंगनी काठी मांडीवर आडवी घेतली. "सालूद, मी तुला फार टोचलं. आता रोज पडल्या पडल्या विचार करते. तू इकडे उभी होतीस, हा माणूस तिकडे त्याच मिनिटाला उभा होता. देवाने तुम्हा दोघांना एका मिनिटात धरलं होतं. त्यानेच आईला त्या मिनिटात नेलं, म्हणजे त्याच्या मनात काही असेल. मी ते कधी मानलं नाही. आता मानते. झालं."

सालूद बहिणीच्या खुर्चीशी बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मीही डोळे पुसले. छत्तीस वर्षांचं भांडण मिटलं होतं आणि मला वाटलं, आजचा सण खरा झाला.

सेगुंदो थडग्याच्या पलीकडे उभे होते. हातातल्या मेणबत्तीचं मेण बोटांवर ओघळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मनांग," ते म्हणाले, "ते मानू नका."

"काय मानू नको?"

"ते मिनिट. ते नव्हतं. मी चुकलो होतो."

कोन्सिंगना वाटलं म्हातारा भ्रमला. "ऊन लागलं याला. सालूद, टोपी दे त्याची."

टोपी त्यांनी घेतली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शाळेत सांगत तसं, पायरीपायरीने. वहीतले आकडे, फेब्रुवारीची सवय, सोळा मिळवले. त्या दिवशी जहाज रेखांशाच्या पंचाहत्तर अंशावर होतं. तिथला मध्यान्ह इथल्या घड्याळाने दोन चव्वेचाळीसला झाला. यादीत लिहिलं होतं तीन सोळा.

"दोन चव्वेचाळीसला गेली असती," ते म्हणाले, "तर तीनच्या आत परत आली असती. पेला हातात दिला असता."

हे ते सालूदकडे बघून म्हणाले नाहीत. थडग्याकडे बघून म्हणाले.

कोन्सिंगना हिशेब कळायला वेळ लागला. बोटांवर मोजून त्या म्हणाल्या, "म्हणजे ही प्रार्थना म्हणत होती तेव्हा मध्यान्ह होता तरी कुठे?"

"सदुसष्ट अंशावर. आम्ही तिथे दीड दिवसाने पोचलो."

"तिथे कुणाचं तरी जहाज असेलच की. त्यांना पोचली म्हणायची." असं म्हणून त्यांनी सालूदकडे बघितलं. सालूद हसली नाही.

तिने विचारलं, "तुला कळलं कधी?"

मला वाटतं, सेगुंदो याच प्रश्नाला छत्तीस वर्षं भीत होते.

"त्याच दिवशी. सिंगापूर सोडल्यापासून ढग होते, त्या दिवशी पहिल्यांदा सूर्य स्वच्छ मिळाला. मोजून आत आलो. मनगटावर इथली वेळ असायची, ती बघितली आणि पाकिटातली यादीची नक्कल काढली. तेव्हा."

"म्हणजे किती वाजता?"

"इथले दोन पन्नास."

"मी सव्वातीनला जाणार होते."

"हो."

"तुला ठाऊक होतं मी जाणार."

"हो."

"मग सव्वातीनला तू बाहेर का नाही आलास?"

सेगुंदोंनी मेणबत्ती दगडावर टेकवली. मग म्हणाले, "सूर्य ढळला होता सालूद."

"मी सूर्यासाठी जात होते?"

सेगुंदोंनी बोटांवरचं मेण खरवडलं. मग आपणहून म्हणाले, "नकाशाच्या टेबलापाशी पेन्सिलींना टोकं काढत होतो. मला हसूही आलं होतं. म्हटलं, बिचारी अर्धा तास उशिरा उभी राहील. पत्रात लिहू, बत्तीस मिनिटं कमी कर म्हणून. लिहिलंही. मोंबासाला जहाज अठरा दिवस बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. टपालाची लाँच आली तेव्हा पत्र द्यायला खिशातून काढलं, तेवढ्यात तुझं हातात आलं. आई गेल्याचं. त्यात तू लिहिलं होतंस, मला एकच आधार आहे, त्या मिनिटाला तुझ्या डोक्यावर सूर्य होता. मग मी माझं फाडलं."

"आणि मला ते वाक्य म्हणू दिलंस."

"हो."

"दरवर्षी. हिच्यासमोर, सगळ्यांसमोर."

"मनांग टोचायच्या तोवर सोसता येत होतं," सेगुंदो म्हणाले. "आज त्यांनी माफ केलं. ते नाही सोसलं."

कोन्सिंग म्हणाल्या, "म्हणजे माझंच चुकलं म्हण. गप्प बसले तरी वाईट." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. भाचा आला, त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि काही न विचारता खुर्ची ढकलत घेऊन गेला. इबोस तसेच राहिले. मी ते टोपलीत परत भरले.

वरची परीक्षा न देण्याचं कारणही मला तेव्हा कळलं. एकदा माझ्या यजमानांना ते म्हणाले होते, "ज्याचा हात चुकतो त्याने दुसऱ्याच्या हाताखाली राहावं." आम्हाला तो विनय वाटला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा पस्तीसला सेगुंदो अंगणात आले नाहीत. सावली आखूड होऊन लांबायला लागली, खडा कालच्याच जागी. कुंपणाजवळ मी सालूदला विचारलं, "बरे आहेत ना?"

"जेवतोय, झोपतोय. मेला नाही."

"तू बोललीस?"

"इंदाय, मी काय बोलू?" ती मला बाई म्हणावं तसं इंदाय म्हणते. "त्याची चूक मला समजते. मी भातात मीठ दोनदा घालते, तशी त्याने सोळा मिनिटं घातली. हात आहे, चुकतो. पण पेन्सिलींना टोकं काढत बसला." ती कपडे वाळत घालत होती. एक सदरा तिने तीनदा झटकला. "आईचं मी देवाला केव्हाच सांगून टाकलंय. त्या मिनिटाला मी एकटी नव्हते एवढंच माझं होतं. तेही नव्हतं म्हणे."

मी म्हटलं, "देव होताच की." म्हटलं खरं, पण मलाच ते पोकळ वाटलं. मी बाहेरून बोलत होते.

"देव होता," ती म्हणाली. "देवाला मी यादी मागितली नव्हती."

तीन तारखेला मंगळवार होता. दुपारी अडीचच्या सुमाराला सालूदने मला हाक मारली. म्हातारीची खोली त्यांनी अजून तशीच ठेवली आहे. लोखंडी पलंग, खिडकीपाशी वेताची खुर्ची. सालूदने पलंगावर धुतलेली चादर घातली होती आणि स्टुलावर पाण्याचा भरलेला पेला ठेवला होता. सेगुंदो दारात उभे होते, दाढी केलेली, बाहीची बटणं लावलेली.

"आज मी इथे बसणार," सालूद त्यांना म्हणाली. "किनाऱ्यावर तू जायचंस."

"दोन चव्वेचाळीसला?"

"तीन सोळाला."

"सालूद, तीन सोळाला पंचाहत्तर अंशावर..."

"ठाऊक आहे. ढळलेला असतो. तू जा."

मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि व्हरांड्याच्या बाकावर जाऊन बसले. तीन वाजून दहा मिनिटांनी उठले. मी खिडकीतून बघत होते. ऊन पश्चिमेकडून तिरकं, डोळ्यांत जाईल असं येत होतं. भरती होती, होड्या वर ओढलेल्या. सेगुंदो पाण्याजवळ जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. हातात सेक्स्टंट नाही, मोजायला काही नाही. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं हे पाठीवरूनच दिसत होतं. आधी हात मागे बांधले, मग पुढे घेतले, मग टोपी काढली.

सालूद खुर्चीत बसून होती. पलंगावर एक हात ठेवला होता. ओठ हलत नव्हते. तीन सोळा झाले तेव्हा तिने पेला उचलला, पलंगाच्या कडेपर्यंत नेला, क्षणभर तिथे धरला आणि परत स्टुलावर ठेवला. मी खिडकीकडे बघत राहिले. ते तिचं होतं.

सेगुंदो परत आले तेव्हा त्यांच्या चपलांना ओली वाळू लागली होती. उंबऱ्याबाहेर थांबले. आत यायचं की नाही ते त्यांना समजत नव्हतं.

"मी म्हटली," ते म्हणाले. "प्रार्थना. मध्ये विसरलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटली."

सालूदने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन सव्वीस झाले होते.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "मलाही तेवढीच लागली होती."

सेगुंदो दाराची चौकट धरून उभे राहिले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि पेल्यातलं पाणी खिडकीखालच्या कळमानसीच्या, इथल्या छोट्या लिंबाच्या, झाडाला घातलं. रिकामा पेला त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "धुऊन ठेव. उद्याही लागेल."